रकाना नसलेलं

डेपोत ऐनाचा लठ्ठा आला, नंबर चारशे सतरा,
घेर एक मीटर बारा, लांबी तीन चाळीस.
टेप फिरवताना बोटांना काहीतरी अडलं :
चामड्याच्या पट्ट्यासारखी पाच पानं,
प्रत्येकाचं टोक कुणी दातांनी तोडल्यासारखं,
आणि सालीवर पसरलेल्या पांढुरक्या मुळ्या,
गोठ्यातल्या जुन्या सुतळीएवढ्या जाड.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

मी ते कुंडीत लावलं.
काळी माती, शेणखत, रोज तांब्याभर पाणी,
पाहुण्याला नको म्हणत असता वाढावं तसं.
एकवीस दिवसांत बुडातून कुजलं.

दुसरं सापडलं तेव्हा फगनीबाई नैताम
तेंदूचे पुडे बांधत बसली होती.
“त्याले माती कायले?” ती म्हणाली,
“मातीची भूक असती, त तेवढ्या वर कायले गेलं असतं?”
पळसाच्या मुळीचा एक वाक तिने तोडून दिला
आणि फाटकापाशी जो मोह आहे,
ज्यावर घणाचा शिक्का कधी पडला नाही,
त्याच्या बेचक्यात बांधायला लावलं.
तोंड उगवतीकडे, भर दुपारी आड.
“आता विसरून जाय.”

विसरणं जमलं नाही.
पहिल्या वर्षी एक मूळ, बोटभर.
साल चाचपत गेलं, भेगेत मात्र शिरलं नाही,
भेगेच्या काठाने चिकटून राहिलं.
दुसऱ्या वर्षी एक पान, डावीकडे.
पुढचं उजवीकडे येणार हे ठरलेलं,
कधी येणार ते नाही.

लोखंडी मोजपट्टी हाताला चटका देते त्या दिवसांत
मुळ्या राखेच्या रंगाच्या.
मेलं म्हणून चाचपावं तर पान टणक.
पुसात पहाटे वैनगंगेवरून धुकं येतं,
तेवढ्या ओलीने मुळ्या हिरव्या पडतात.
हिरवं आत होतंच,
राख वर होती.

नवे साहेब आले. चष्मा वर करून म्हणाले,
“बांडगूळ आहे. काढून टाका, झाड खातं ते.”
मी शिडी आणली.
आधी समोरच्या आंब्यावरचं बांडगूळ दाखवलं,
बूड फांदीत घुसलेलं, गाठ सुजलेली.
मग मोहावरची एक मुळी नखाने उचलून दाखवली :
खाली साल कोरडी, अख्खी, ओरखडा नाही.
नुसतं धरलंय, साहेब.
“म्हणजे फुकट राहतं,” ते म्हणाले.
म्हटलं, हो जी.
माझ्या पगारातून क्वार्टरचं भाडं कापलं जातं,
याचं कोण कापणार?
धूळ, दव, पाखराची शीट,
बेचक्यात कुजलेल्या पानाचा चुरा.
येईल त्यावर त्याचा महिना निघतो.

चौथ्या वर्षी, मोहफुलं वेचून झाल्यावर,
पानाच्या बगलेतून आखूड दांडी निघाली.
सात फुलं, सदऱ्याच्या बटणाहून लहान,
पिवळी, अंगावर तांबडे आडवे पट्टे.
मी म्हटलं, वाघ.
फगनीबाईने वाघ पाहिलाय.
“एवढुसा कोठं असते?” म्हणाली,
पण वाकून वास मात्र घेतला. दोनदा.

सातांतल्या एकाचंच बोंड धरलं,
पिकायला जवळजवळ वर्ष घेतलं त्याने.
आत बिया पिठाहून बारीक, कितीतरी लाख,
एकीच्याही गाठीशी शिदोरी नाही.
कुठल्यातरी सालीत कुठलीतरी बुरशी भेटली
तरच तिथे बस्तान. बहुतेकींना भेटत नाही.

वैशाखात एका दुपारी बोंड उकललं.
मी फाटक धरून उभा होतो, ट्रक आत येत होता.
चाकांची धूळ, त्याची धूळ,
उन्हात एकच दिसत होती.
ड्रायव्हर काचेतून डोकं काढून म्हणाला,
“वरतं काय पाहून राहिले जी?”
काही नाही, म्हटलं,
गाडी सावकाश घे.